राबिघमध्ये बसून फोडलेला जिल्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझं मलाच हसू येत नाही. माणूस रागात कप फोडतो, फार तर मोबाइल फोडतो. मी जिल्हा फोडायला निघालो! तोही इथे सौदीत, राबिघला, बिर्याणी खाता खाता.

झालं काय, आमचा गावाकडचा जिल्हा मुंबईच्या उपनगरांना खेटून असा काही वाढलाय, की एका टोकाला टॉवर आणि दुसऱ्या टोकाला मिठागरं. त्याचे दोन जिल्हे करायचा प्रस्ताव आलाय, अशी बातमी मोबाइलवर वाचली. वाचली म्हणजे काय, मथळा वाचला हो! खालचं कोण वाचतं?

इथे राबिघला त्या जिल्ह्यातली आम्ही मोजकी कुटुंबं. जुम्म्याची नमाज झाली की सगळे याकूबभाईंकडे जेवायला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, मी केमिकल प्लांटवर इंजिनिअर. गावी त्यांचं घर खाडीच्या पलीकडे, आमचं अलीकडे.

आणि आमच्यात एक रिवाज आहे. जो गावाला जाईल, त्याने सगळ्यांचं सामान न्यायचं आणि घरोघरी पोचवायचं. याकूबभाई तर आमच्या आईपाशी तासभर ठाण मांडायचे. तिच्या हातचे वडे खायचे, कौलं गळतात का बघायचे आणि मला व्हिडिओ कॉल लावून ओरडायचे, "अरे सुहास, ही गुडघ्याच्या गोळ्या खात नाही बघ!" आई मला फोनवर कधी खरं सांगते का? तिची खरी खबर मला याकूबभाईंकडूनच मिळायची.

तर त्या शुक्रवारी मी सुरू झालो. जेवायला जमिनीवर प्लॅस्टिकचा सुफरा अंथरला होता. त्यावर पाण्याच्या बाटल्या आडव्या ठेवून मी खाडी केली. इकडे कबाब, तिकडे कांदा.

"हा आमचा जिल्हा, तो तुमचा."

"वा रे वा!" याकूबभाई हसले. "कलेक्टर कचेरी तुला, मोठा दवाखाना तुला, कॉलेज तुला. आणि आम्ही काय कांदा खायचा?"

इथे गप्प बसावं की नाही? पण मला चेव चढला होता. "खरं सांगू का याकूबभाई? तुमच्या बाजूमुळेच आम्ही मागे राहिलो!"

मेधाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला जोरात चिमटा काढला. मला मूर्खाला वाटलं, दाद देतेय!

याकूबभाईंचं हसू मावळलं. "एका ताटात जेवतो आपण, सुहास. त्यात बाजू कुठली आली?"

"भावना वेगळ्या, प्रशासन वेगळं!" बघा, काय वाक्य फेकलं! कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाभींनी गुपचूप बाटल्या उचलल्या.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'खाडीअलीकडचे' असा नवा ग्रुप काढला आणि मला अ‍ॅडमिन केलं. झालं, मी हवेत! त्याच आठवड्यात कळलं, याकूबभाई भाचीच्या लग्नाला गावी चाललेत. दर वेळी त्यांचा फोन यायचा, "सामान आण रे." या वेळी आला नाही.

"तूच कर ना फोन," मेधा म्हणाली.

"मी का करू?" म्हटलं आणि वर ग्रुपवर लिहिलं, 'यापुढे आपलं सामान आपल्याच माणसाबरोबर जाईल.' आता आपल्या बाजूचं कोणीच उन्हाळ्यापर्यंत गावाला जाणार नव्हतं, ते सोडा. कोणीतरी तो मेसेज याकूबभाईंना दाखवला. ते तसेच निघून गेले.

मग एके दिवशी आमच्या ईशाला शाळेत 'आपला जिल्हा' असा प्रोजेक्ट आला. तिने प्रस्तावाचा नकाशा शोधला आणि ओरडली, "बाबा, वुई अँड याकूब अंकल आर ऑन द सेम साइड ओन्ली!"

मी बघतो तर काय, सीमा खाडीवरून नव्हतीच मुळी! ती हायवेवरून होती. हायवेच्या समुद्राकडची सगळी गावं एका जिल्ह्यात. त्यांचंही, आमचंही. कचेरी, दवाखाना, कॉलेज, सगळं हायवेच्या त्या अंगाला. म्हणजे ज्या जिल्ह्यासाठी मी इतका भांडलो, त्यात मीच नव्हतो!

असली लाज वाटली म्हणून सांगू! ताबडतोब याकूबभाईंना फोन लावला. बंद. त्यांच्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, भाई परत यायला विमानात बसलेसुद्धा. आईला फोन केला.

"याकूब आलाच नाही रे," ती म्हणाली. "लग्नाला आलाय असं गावात कळलं, म्हणून वडे केले. दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसले. काल शेजाऱ्यांना वाटून टाकले. तुमचं काही वाजलं का?"

माझ्यामुळे म्हातारी दोन दिवस दारात बसली, हे तोंडातून निघेना.

"छे गं! त्यांना दुकानातून अर्जंट बोलावलं, म्हणून घाईत निघाले."

आई म्हणाली,

"मघाशी विमानतळावरून त्याचा फोन आला होता. तो म्हणाला, लग्नात नाचताना पाय मुरगळला म्हणून आलो नाही. सुहासला काही बोलू नका म्हणाला." मग आवाज चढवून म्हणाली, "तो पाय म्हणतो, तू दुकान म्हणतोस. आधी दोघं एकत्र बसून काय ती एकच थाप ठरवा, आणि मग मला फोन करा!"