वाटी घेऊन साखर मागायला गेलो

मंडळी, डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं म्हणून मी घरातला साखरेचा डबाच रिकामा केला. डॉक्टर म्हणतात, मनावर ताबा ठेवा. सांगायला काय जातंय! चहाची वेळ झाली की जीव नुसता गोडासाठी कासावीस होतो. बायको जाऊन वर्ष झालं, पोरगी पुण्यात. घरात मी आणि टीव्ही.

आज राहवलंच न्हाय. वाटी घेऊन समोरच्या मुल्लाचाचांची बेल वाजवली. शेजारी वाटी घेऊन जायचं काम कायम बायकोचं. मी आयुष्यात पहिल्यांदाच गेलतो.

"आत या की! दारात काय उभारलाय?" चाचा ओरडले.

बसलो. त्यांचा गुडघा, माझी शुगर, बंद पडलेली लिफ्ट, सगळ्यावर बोलून झालं. चाचींनी चुरमुरे-शेंगदाणे पुढं केले. अंधार पडल्यावर उठलो.

घरी येऊन बघतो तर हातात रिकामी वाटी. साखर मागायचीच राहिली की! तेवढा वेळ गोडाची आठवणसुद्धा झाली न्हाय.

आता ती वाटी समोर ठेवून बसलोय. घर परत गप्प झालंय, आणि गोड खावंसं वाटायला लागलंय.

उद्या चाचांकडं काय मागायला जाऊ, सांगा की कुणीतरी.