रिकाम्या वाडीतली विमल

"बाई, विमलताई उठंना झाल्यात." फोनवर कविता एवढंच बोलली आणि गप्प झाली. ही कविता वाडीवरच्या आमच्या दुपारघरात म्हाताऱ्यांसाठी स्वयंपाक करते. एरवी तिचा फोन आला की मागे भांड्यांची आदळआपट आणि म्हाताऱ्यांची बडबड ऐकू येते. त्या दिवशी काहीच नव्हतं. लाईन तुटली असं वाटून मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग फार लांबून आल्यासारखा तिचा आवाज आला, "चहा घेतला, म्हनल्या जरा टेकते. अन् टेकल्या त्या टेकल्याच..." निवडत असलेली मेथी तशीच ठेवून मी अंबाजोगाईहून निघाले. काही आठवडे झाले या गोष्टीला. अजूनही घरात अचानक शांत झालं की मला तो फोन चालू असल्यासारखा वाटतो.

विमल आणि मी घाटनांदूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी शिक्षिका झाले, ती एसटीत कंडक्टर. खाकी कपड्यातली विमल गाडीत चढली की मागच्या सीटवर बिडी ओढणारा आपोआप ती विझवायचा, असा तिचा आवाज. निवृत्त झाल्यावर लेकीने पुण्याला बोलावलं, पण ही गेली नाही. नवरा वारल्यावर ती घाटनांदूरपासून आत असलेल्या त्यांच्या वाडीवर एकटीच राहायला आली. मी विचारलं, "तिथं कशाला राहतीस बाई? दिवाळीनंतर तिथं असतं तरी कोण?" ती म्हणाली, "जे असतेत त्यांच्यासाठीच."

त्या वाडीचं हिवाळ्यातलं रूप ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना कसं सांगावं... ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की घरामागून घर कुलपात जातं. दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली असते, दोरीवर विसरलेलं एखादं पोलकं महिनोन्महिने तसंच वाळत असतं. भर दुपारी गल्लीतून चाललं की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो आणि माणूस वळून बघतो. मागे उरतात ती फक्त म्हातारी माणसं. एकेका घरात एकेक. त्यांच्यासाठी शहरातल्या एका ट्रस्टने वाडीच्या समाजमंदिरात दुपारघर सुरू केलं होतं. दुपारी तिथं यायचं, गरम भाकरी-वरण खायचं, ऊन उतरेपर्यंत माणसांत बसायचं. एवढंच. पण कोण आलं नाही हे त्यामुळे कळायचं, आणि जो आला नाही त्याच्या दारात कुणीतरी जाऊन हाक मारायचं. विमल रोज तिथं असायची.

एका हिवाळ्यात काही न सांगता ट्रस्टचा टेम्पो आला. भांडी, गॅस, सतरंज्या भरल्या आणि माणसं दाराला कुलूप लावून गेली. विमलने फोन केला तर उत्तर मिळालं, आमचं धोरण बदललं आहे. दोन दिवसांनी तिने मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ती समाजमंदिरासमोर उभी होती आणि बोटाने मला खूण करत होती, बोलू नकोस म्हणून. सगळी म्हातारी माणसं वेळेवर आली होती. बंद दाराबाहेर भिंतीला पाठ लावून ओळीने बसली होती. आत ज्या क्रमाने बसायची त्याच क्रमाने. कुणी तक्रार करत नव्हतं, कुणी दाराकडे बघतही नव्हतं. ऊन उतरलं तशी सगळी एकदम उठली आणि आपापल्या घरी गेली. "काल बी असंच," विमल म्हणाली. "रागावली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं गं."

ग्रामपंचायतीत कुणी दाद दिली नाही. वाडीत आवाज उठवायला माणूस नव्हता. मग विमल म्हणाली, "गावात मानसं न्हाईत, तर मानसं जिथं हायेत तिथं जाऊ." तिने मोबाईलवर एकेका म्हाताऱ्याचा निरोप भरून घेतला आणि आम्ही दोघी एसटीने कृष्णाकाठच्या कारखान्याच्या फडावर गेलो. तिथं पाचटाच्या कोप्यांत, त्या बुटक्या झोपड्यांत, आमची अख्खी वाडी राहत होती. चुली पेटल्या होत्या, वाडीवर नसलेला सगळा गलका इथं होता. विमलने बैलगाडीच्या साटीवर उभं राहून निरोप लावायला सुरुवात केली. माणसं हसत होती, आपल्या आईचा आवाज आला की पुढे सरकत होती. मग ज्ञानबाच्या वडिलांचा, बाबूनानांचा आवाज आला : "ज्ञानबा, मी बरा हाय. दार तेवढं उघडाया सांग. भाईर लई गार लागतंय."

हसू थांबलं. ज्ञानबा कोपीच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभा होता. म्हणाला, "बाई, नाना दुपारीच गेले. आताच फोन आलता. त्या भिंतीपाशीच बसल्या बसल्या..." आम्ही प्रवासात होतो, आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. विमलने घाईने मोबाईल बंद करायला घेतला तर तो म्हणाला, "न्हाई, परत लावा." तिने परत लावला. बोलणं संपल्यावरही नानांचा श्वास कितीतरी वेळ ऐकू येत राहिला. तो श्वास संपेपर्यंत सगळा फड हलला नाही. एक बैलसुद्धा घुंगरू वाजवेना, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पहिल्यांदा बोलली ती ज्ञानबाची बायको, कविता. "मी वाडीवर राहते. सैपाक मी करीन." फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरी त्यावरच. टोळीचा मुकादम तडकला, "जोडी मोडली तर कोयता कसा चालंल?" ज्ञानबा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मी मेव्हण्यासंगं जोडी लावतो. ती जाऊ द्या." मग बायका बोलू लागल्या. कुणी घरातली ज्वारी काढून द्यायचं कबूल केलं, कुणी लग्नातलं पातेलं. दुसऱ्या दिवशी ऊस तोडता तोडता सगळ्या टोळीने ट्रस्टच्या साहेबाला फोन लावले. एकाने ठेवला की दुसऱ्याने. विमलने त्यांना बजावलं होतं, शिवी द्यायची नाही, फक्त आपल्या आईबापाचं नाव सांगायचं. संध्याकाळपर्यंत साहेबाचा विमललाच फोन आला. आवाज उतरला होता. "कुलूप काढून घ्या. जागा तुमची तुम्ही चालवा. पण ती नावं आता पुरे करा."

तेव्हापासून दुपारघर वाडीचंच आहे. दर हंगामाला टोळीतून कुणीतरी मागे राहतं. यंदा पुन्हा कविताची पाळी होती.

मी पोचले तेव्हा विमलला समाजमंदिरात सतरंजीवर निजवलं होतं. पुण्याहून लेक-जावई येईपर्यंत दुपार कलली. त्रिसरण-पंचशील झालं आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की तिला खांदा द्यायला वाडीत तरणा माणूस जावयाशिवाय कुणीच नव्हता. कुणी काही ठरवलं नाही. म्हातारी माणसं उठली आणि तिरडीला भिडली. बायासुद्धा. थोडं चालायचं, टेकवायचं, खांदे बदलायचे. दोन्ही बाजूंना कुलपंच कुलपं. पुढे गयाबाई होती, मोतीबिंदूने आंधळी झालेली. कविताचा हात धरून ती प्रत्येक बंद दारापाशी थांबायची आणि त्या घरातल्या माणसाचं नाव घेऊन सांगायची, "विमल चालली रं..." जरा वेळ ऐकायची. मग पुढे.

ज्ञानबाच्या घरापाशी तिने तसंच सांगितलं. आणि आतून कडी सरकल्यासारखा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. जावई थबकला, मी कविताकडे पाहिलं. घर तिचंच, पण हंगामभर ती समाजमंदिरातच झोपायची; किल्ली तिच्याच कमरेला. ती दाराकडे बघत किल्ली चाचपत होती. दार उघडलं नाही. बाभळीची फांदी जागची हलली नाही.

गयाबाईने पदर सारखा केला. "चला," ती म्हणाली, "नानाला कळलं."

आम्ही खांदे बदलले.