पणजोबांचा चौथा मुलगा

आमच्या घराण्याची वंशावळ माझ्या अक्षरात आहे. नुकता मास्तर झालो होतो, तेव्हा काकांनी ती माझ्याकडून लिहून घेतली. पणजोबांना तीन मुलगे दाखवलेत. होते चार. चौथा एका विणकर बाईचा. साकोलीहून मी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल आणली होती; त्याच्या जन्मापुढे बाप म्हणून पणजोबांचंच नाव होतं. काका म्हणाले, "चुलीत टाक." मी टाकली. मूळ पुस्तक पुढे वाळवीनं खाल्लं. नंतर त्या चौथ्याचा मुलगा पुरावा विचारत माझ्याकडे आला, तेव्हा मी सांगितलं, "असा कागदच नाही."

तो म्हातारा गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझ्याच पिढीचा माणूस, एकोडीत किराणा दुकान चालवतो. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो आणि डीएनए चाचणीचं बोललो. माझ्या नातीनं चाचणीच्या नळ्या मागवल्या. थुंकी देण्याआधी अर्धा तास तोंडात काही चालत नाही.

"अर्धा घंटा खर्रा नाही?" तंबाखू-सुपारीची पुडी खिशात ठेवत तो म्हणाला. "तुमच्या खानदानात येणं लय कठीण हाय जी, गुरुजी."

अहवाल आला. बापाकडून मुलाकडे जाणारी खूण दोघांत एकच निघाली. माझ्या धाकट्या भावानं तो उलटसुलट पाहिला.

"यात पणजोबाचं नाव कुठं हाय? त्याच्याही आधीचा कोणी असन."

त्याचं बरोबर होतं. चाचणी पूर्वज एक आहे एवढंच सांगते, तो कोण हे सांगत नाही.

"नाव मी सांगतो," मी म्हणालो. "मी वाचलं होतं, अन् मीच जाळलं."

"माह्या नातीचं लग्न जमून राहिलं, अन् तुले आताच हे सुचून राहिलं?"

"मंग नवी वंशावळ पाहुण्यायलेही वाचू दे," मी म्हणालो.

मी वंशावळ नव्यानं लिहिली. चौथा मुलगा, त्याची आई, त्याचा वंश, सगळं. खाली कागद कोणी जाळला तेही लिहून सही केली. पहिली प्रत एकोडीला नेली. दुकानदारानं उभ्यानंच वाचली. मी माफी मागितली.

"बाप विचारत विचारतच मेला माहा," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

माफी मिळाली नाही. ती मिळावी म्हणून मी लिहिलंही नव्हतं.

भाऊ म्हणतो, घरातली प्रत फाडून टाकीन. फाडू दे. हात चालतो तोवर मी पुन्हा लिहीन.