दारात अडलेला रेणू

दोन्ही तळहात समोरासमोर धरायचे, मध्ये बोटभर फट ठेवायची आणि म्हणायचं, "मॅडम, जरा अडू द्या की." त्याची ही सवय तुम्ही पाहिली असती तर तुम्हीही माझ्यासारखेच आधी हसला असता.

आमच्या सोलापुरातल्या कॉलेजात तो संगणकांची खोली सांभाळायचा. मूळचा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. दर जूनला त्याला अकरा महिन्यांच्या नेमणुकीचं पत्र मिळायचं आणि 'पुढच्या वर्षी कायम करू' हे तोंडी. अशी सात पत्रं झाली होती.

मी तिथं जीवशास्त्र शिकवायची. पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली, आणि आपण रजेवर गेलो तर पेशींचं विभाजन थांबेल अशी खात्री असलेली बाई. आज ती रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या गल्लीनं जाईन.

त्या वर्षी संस्थेची माणसं आमचं काम पाहायला येणार होती. त्यांना ते आवडलं तर ह्याची जागा कायम होईल, असं प्राचार्यांनी सांगितलं. म्हणून आम्ही दोघांनी एक चलचित्र करायला घेतलं : पाण्याचे रेणू पेशीच्या पडद्यातल्या दारातून आत कसे जातात.

रेणू कुठून निघणार नि कुठं पोचणार एवढं सांगितलं की मधला प्रवास संगणक आपणच भरतो. भरतो तो सरळ रेषेत, एका वेगानं. मला ते फार आवडलं. प्रार्थना संपवून वर्गात निघालेल्या मुलांसारखे रेणू, एकामागं एक, सारख्या अंतरावर. मी वर बासरी लावायला सांगितली.

त्यानं ते तीनदा पाहिलं. मग आठवडाभर बसून प्रत्येक रेणूची चाल वेगळी केली. कुणाचा वेग बदलला, कुणाला थरथर दिली, दोघांची टक्कर घडवली, काहींना दारापर्यंत आणून माघारी धाडलं, आतले दोन-चार बाहेर काढले. मी विचारलं तेव्हा तळहातांचं दार करून म्हणाला, लहानपणी संध्याकाळी मेंढवाड्याच्या दारात उभं राहायचं काम त्याच्याकडं असायचं. पहिली मेंढी उगाच थबकते, मागची रेटते, एखादी दारातून पाठ फिरवते, आणि मग चार एकदम घुसतात.

मी चष्मा नाकावर चढवला. "अहो, रेणू म्हणजे मेंढ्या नव्हेत."

"न्हाईत की," तो म्हणाला. "मेंढरांना निदान दार दिसतंय."

पाहुण्यांना गोंधळ दाखवायचा नाही, हे तुमच्याच भल्यासाठी सांगते, असं मी त्याला बजावलं. तो वाद घालणारा नव्हता. बासरीवालं चलचित्रच पुढं ठेवलं.

त्या दिवशी पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, मागं अकरावीची मुलं. रेणू शिस्तीत आत गेले. टाळ्या झाल्या. एवढ्यात एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, दार कुठंय हे त्यांना कळतं कसं?"

मी म्हटलं, "निसर्गाची योजना असते, बाळ."

विज्ञानाच्या बाईचं हे उत्तर! आठवलं की घरात एकटी असले तरी मी पदर तोंडाला लावते.

संगणकापाशी बसलेल्या त्यानं माझ्याकडं पाहिलं. तळहात समोर धरले, मध्ये फट. त्याची जागा कशावर अडली आहे ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. मी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, माझं मलाच कळलं नाही. त्यानं हो धरलं.

त्याचं चलचित्र सुरू झालं. मुलं आधी खदखदून हसली, मग पुढं झुकून बघू लागली. डाव्या कोपऱ्यातला एक रेणू सारखा दाराशी येई आणि धक्का खाऊन मागं जाई. सहाव्या-सातव्या खेपेला सगळा वर्ग त्याच्या बाजूनं झाला होता.

"म्हणजे त्यांना कळतच नाही," ती मुलगी सावकाश म्हणाली. "धक्के खाता खाता काही जण आत पडतात, एवढंच."

वीस वर्षं तो धडा शिकवून हे वाक्य मला एकाही मुलाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं.

पाहुण्यांतल्या एकानं गमतीनं विचारलं, "अहो, तो कोपऱ्यातला काही आत जात नाही का?"

"जाईल की," तो म्हणाला. "पिक्चर संपल्यावर."

सगळे हसले. तोही हसला. निघताना मात्र ते गृहस्थ प्राचार्यांना म्हणाले, पहिलं जास्त शिस्तीत होतं.

जूनमध्ये आठवं पत्र आलं, अकरा महिन्यांचंच. ते त्यानं घेतलं नाही. भावाच्या डाळिंबाच्या बागेत हात लागतो म्हणाला, आणि सांगोल्याला गेला. जाताना चलचित्र मला देऊन गेला. पुन्हा भेट नाही.

आता ते माझ्या मोबाइलवर आहे. नात मांडीवर बसून पाहते. पाचदा, सहादा. संपलं की मी परत लावते. कोपऱ्यातला तो येतो, थबकतो, थरथरतो, मागं सरतो.

"आजी, आता जाईल बघ."

मी तिच्यासमोर दोन्ही तळहात धरते. मधली फट जरा मोठीच ठेवते.