खोललेली गाडी

देवरावजी काही खोलून बसले असले आणि बाहेर फाटक वाजलं, की आधी त्यांचा हात जायचा शेजारच्या जुन्या धोतराकडे. ते धोतर समोरच्या पसाऱ्यावर पसरायचं आणि मगच 'कोन हाये?' म्हणून विचारायचं. मी प्रतापनगरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझा टेबलफॅन त्यांच्याकडे दुरुस्तीला गेला. संध्याकाळी सहज डोकावलो, तर पंखा धोतराखाली आणि देवरावजी त्याच्यापुढे हात आडवे करून उभे.

"मास्तर, बाहेर व्हा. खोललेली गाडी मालकाले दाखवाची नसते."

"अहो, पंखा आहे तो!"

"पंखा असो का बस असो. डॉक्टर पेशंटचं पोट फाडून त्याच्या बायकोले दाखवते का?"

एसटीच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स खोलण्यात आणि बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोट असलेली गाडी त्यांनी कधी गेटबाहेर जाऊ दिली नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरचा फ्यूज उडाला की त्यांना हाक मारायचो. यावरून त्यांनी माझी जितकी थट्टा केली, तितकी माझ्या विद्यार्थ्यांनीही केली नसेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश. तो पॉलिटेक्निक अर्धवट सोडून उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवायला गेला. तेही रोजंदारीवर. त्या दिवशीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. "मी ग्रीसमध्ये हात काळे केले ते तुले खुर्चीवर बसवाले! जाय, अन् तोंड नको दाखवू मले!" प्रकाश गेला. पुढची तीन वर्षं त्याची पत्रं वहिनींच्या नावाने यायची आणि देवरावजी ती फडताळातून काढून गुपचूप वाचायचे. वहिनींना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्या पत्र वर दिसेल असं ठेवायच्या.

एका रविवारी देवरावजी कोणाला न सांगता उमरेडच्या बसमध्ये बसले. खाणीच्या कडेच्या रस्त्यावर दुपारभर उभं राहून त्यांनी खाली चालणारे डंपर पाहिले. मुलाला भेटले नाहीत. परत आले ते सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर डंपरचं चित्र काढून. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, मी एक डंपर बनवून राहिलो. दोन फुटाचा. रेडिओवर चालनारा. पोट्टा येईन तवा त्याच्यापुढे चालवीन. तोंडानं मले काही बोलता येत नाही बापा."

तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा सांगाडा झाला. टायर रबरी सपातांचे तळ गोल कापून आणि एकावर एक चिकटवून केले. त्यात त्यांच्या सगळ्या सपाता गेल्या, माझ्याही दोन जोड्या गेल्या. मग त्यांच्याकडे उरली ती एकच जुनी चप्पल, टायरचा तळ त्यांनी स्वतः ठोकलेली, वीटभर जड. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची होती. जुन्या बाजारात फॉरेनच्या एका मोडक्या खेळण्याचा रिमोट आणि पोटातला रेडिओचा भाग मिळाला, तो आणताना ते असे चालत होते जणू हातात तान्हं मूल आहे.

पहिल्या दिवशी डंपर चार पावलं गेला आणि थेट नालीत पडला. रिमोट माझ्या हातात होता, त्यामुळे खापर माझ्यावर. महिनाभर तो असाच वागला. हाताजवळ ऐकायचा, जरा लांब गेला की मनाला येईल तिकडे वळायचा. शिवाय तो सुरू झाला की समोरच्या घरातल्या क्रिकेटच्या कॉमेंटरीत खरखर व्हायची आणि तिथून शिव्या यायच्या. त्या शिव्या ऐकताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा माझाच विषय आला. मोटरमध्ये ठिणग्या पडतात, त्या ठिणग्यांच्या लहरी शेजारचा रेडिओ पकडतो, तशाच डंपरमधलाही पकडत असणार. देवरावजींनी मोटरच्या दोन टोकांना ठिणग्या शोषून घेणारा चिमुकला कंडेन्सर डाग देऊन बसवला. डंपर गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेला, वळला आणि परत आला. त्यांनी माझी पाठ अशी थोपटली की पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. पुढे कोणीही विचारलं तरी ते सांगायचे, "हे मास्तरनं लावलं हाये." आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत मी ती सगळ्यात वर ठेवतो.

पण त्यांचं समाधान कुठलं होतंय! टेपरेकॉर्डरची मोटर जाऊन मोठी मोटर आली. सेल जाऊन मोटरसायकलची बॅटरी आली. पिवळा रंग झाला. दारावर नंबरासाठी पांढरा चौकोन ठेवला आणि तो कोरा सोडला. "पोराले इचारूनच टाकू." शेवटी मागचा डाला, म्हणजे माल भरायचा हौदा, उचलण्याची जोडणी राहिली. तिथे प्लॅस्टिकचा गिअर दात झिजून घसरायचा, म्हणून ते पितळेचा गिअर कानशीने एकेक दात घासून करायला बसले.

त्या रविवारी सकाळी वहिनी काटोलला भावाकडे गेल्या होत्या. मी देवरावजींकडे आतल्या खोलीत चहा पीत बसलो होतो. वर्तमानपत्रावर डंपर पुरता खोललेला. फाटक वाजलं आणि हाक आली, "आई!"

प्रकाशचा आवाज. देवरावजींनी धोतर ओढलं.

"मास्तर, तुमी जा. सांगा, दोघंबी काटोलले गेले. पुढच्या रविवारी ये म्हना."

"अहो, तीन वर्षांनी आलाय तो!"

"म्हनूनच! असा खोललेला काहून दाखवू त्याले? आठ दिवसानं काय बिघडते?"

मी गेलो. ही माझी चूक. दोष त्यांना देता येत नाही, पाय माझेच होते. प्रकाश दारात पांढरा शर्ट घालून, मिठाईचा पुडा घेऊन उभा होता. "काका, पर्मनंट झालो. बाबाले सांगाचं होतं." देवरावजींनी पढवल्याप्रमाणे मी खोटं बोललो. त्याने एकदा खाली पाहिलं, पुडा माझ्या हातात दिला आणि गेला.

आत देवरावजी भिंतीला टेकून उभे होते. "काय म्हने? बारीक झाला का?" पर्मनंट झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेढा कपाळाला लावला, अर्धा खाल्ला आणि लगेच कानस उचलली.

बुधवारी वर्कशॉपमध्ये काम करतानाच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

क्रियाकर्म आटोपल्यावर एका दुपारी वहिनींनी प्रकाशला आतल्या खोलीत नेलं आणि ते धोतर उचललं. पितळेचा गिअर पूर्ण झाला होता, फक्त बसवायचा राहिला होता. प्रकाश खाली बसला. मला राहवेना.

"प्रकाश, त्या रविवारी बाबा काटोलला गेले नव्हते. घरातच होते."

त्याने मान वर केली नाही. "मले मालूम हाये, काका. बाबाची टायरची चप्पल दारातच होती."

त्याने पितळेचा गिअर हातात घेतला.

"मले वाटलं, आता पर्मनंट झालो तरी बाबाले माझं तोंड पाहाचं नाही. उमरेडपर्यंत रडत गेलो बसमध्ये."

मग मी सगळं सांगितलं. सिगारेटचं पाकीट, सपाता, कोरा चौकोन, झिजलेला गिअर आणि ते धोतर. खोललेली गाडी मालकाला न दाखवण्याची वर्कशॉपची ती रीत त्याला लहानपणापासून पाठ होती. डंपरच्या दारावरच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून तो म्हणाला, "म्हंजे गाडी माझी होती?" त्यानंतर तो जो रडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी त्याने गिअर बसवला आणि डंपर गल्लीत नेला. डाला सरसर वर गेला, कुठेही न घसरता. वहिनी ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या पायाशी दवाखान्यातून परत आलेली ती टायरची चप्पल होती. पुढे कित्येक वर्षं त्यांनी ती तिथून हलवली नाही आणि मी त्या घरात जाताना कधी खाली पाहिलं नाही.