किकायोनची सावली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्ही समोर दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

एका शब्दापासून सुरुवात करते. किकायोन. हिब्रू शब्द आहे, झाडाचं नाव. बायबलच्या जुन्या करारात योनाची गोष्ट येते: तो रुसून शहराबाहेर उन्हात जाऊन बसतो आणि देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक झाड उगवतो. हा शब्द त्या एका गोष्टीतच भेटतो, त्यामुळे झाड नेमकं कोणतं यावर जाणकारांचे वाद आहेत. कुणी म्हणतं भोपळ्याची वेल, कुणी म्हणतं एरंड. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एरंडाला ‘किकी’ म्हणत; शब्द बहुधा तिकडूनच आला.

मला हे कौसल्येमुळे कळलं. आम्ही दोघी परभणीच्या एका शाळेत शिकवायचो. मी पिंगळीला सासरी राहायची. ती पूर्णेकडच्या एका गावात, बौद्ध वस्तीत, आईजवळ. गाडी एकच. रविवारी आम्ही एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे हिब्रू अक्षरं गिरवायला जायचो. कशासाठी? दोघींना शब्दांचं वेड होतं, बाकी काही नाही. त्या दुपारी अजून स्वप्नासारख्या वाटतात — कौलांतून उतरणारं ऊन, उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरं, बाबांचा पुटपुटता आवाज.

“एरंडाची पानं मोठी, पण विरळ,” बाबा एकदा म्हणाले. “त्याची सावली माणसाला पुरेल का?”

“पुरते की,” कौसल्या म्हणाली. “आमच्या बांधावर येऊन बघा.”

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या पेटवल्या गेल्या. हे तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकतच होते, लांबून, चहा पिता पिता.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. कडक ऊन पडलं होतं, जमिनीतून वाफ निघत होती. घरात मी एकटीच. खिडकीतून दिसलं, रुळांच्या बाजूनं दोघीजणी येत होत्या. कौसल्या, आणि तिच्या हाताला धरून तिची आई. आईच्या लुगड्याचा काठ जळलेला. दोघी अनवाणी.

मी काय केलं? सांगते. मी उठले आणि दाराची कडी आतून लावली. हळूच — आवाज होऊ नये म्हणून.

कौसल्येनं दार वाजवलं. माझं नाव घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते, तोंडावर पदर दाबून.

“हाय का न्हाई गं तुझी मैतरीण?” आईनं विचारलं.

कौसल्येनं दार जरा ढकलून पाहिलं. मग म्हणाली, “न्हाई वाटतं, माय. कुठं गेलेली दिसायलीय. चल, बस जरा. लय ऊन हाय.”

आमच्या परसात एक जुना एरंड होता. त्याच्याखाली त्या बसल्या. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. ऊन सरकलं तशी म्हातारी सावलीबरोबर सरकत राहिली. पंज्यांसारखी ती पानं तिच्या पांढऱ्या केसांवर हलत होती. मध्येच तिला डुलकी लागली. रांजण माझ्या शेजारी भरलेला होता. संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला दोघी उठून गेल्या.

मला कशाची भीती होती? आमचं घर कुणी जाळणार नव्हतं. गल्लीतल्या चार बाया बोलल्या असत्या. एवढंच.

महिन्याभरानं कौसल्या शाळेत आली. तिनं विचारायच्या आत मीच बोलले, “अगं, तेव्हा मी माहेरी गेले होते.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “मला वाटलंच,” म्हणाली आणि वर्गावर गेली. कडी आतून होती, हे बाहेरून दार ढकलणाऱ्याला कळत नाही का? कळतं.

पाद्रीबाबांकडे ती परत आली नाही. मी जात राहिले. पुढं त्या शब्दावर मी लेख लिहिला, शिक्षकांच्या सभांतून बोलले. दर वेळी कुणीतरी बाबांचाच प्रश्न काढायचं, एरंडाची सावली पुरेल का. आणि मी ठामपणे सांगायची, “पुरते. आमच्या परसात मी डोळ्यांनी बघितलंय.” लोक माना डोलवायचे. कधी कधी कौसल्याही बसलेली असायची, मागच्या रांगेत. खाली बघत. एकदाही काही बोलली नाही. आणि मी? मी तिच्यादेखत ते वाक्य म्हणत राहिले — वर्षानुवर्षं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. कौसल्या पेढे घेऊन शाळेत आली. पहिला पेढा तिनं माझ्या हातावर ठेवला.

“आई असती तर आज तिनं वाटले असते,” ती म्हणाली.

सांगायला तेव्हा वेळ होता. शिक्षकांची खोली रिकामी होती, तास सुरू व्हायचा होता, ती समोर उभी होती. मी पेढा खाल्ला. चांगला झाला होता, तेवढं म्हणाले.