मिशीचं तेल

पनवेलच्या लाइन आळीत वसुंधराबाईंचा कपडेपट होता, पण त्यातलं काही त्यांनी स्वतःच्या अंगावर कधी चढवलं नव्हतं. यजमान विनायकराव एसटीत क्लार्क. त्यांच्या ऑफिसच्या नाटकाला बाईंनी आपला लग्नातला शालू दिला आणि तिथून जे सुरू झालं ते अकरा ट्रंकांवर जाऊन थांबलं. राजे, भालदार, पऱ्या, वाघ, सगळे भाड्याने मिळत. बाईंचा आत्मविश्वास असा, की गिऱ्हाइकाने माप सांगायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "राहू दे, मला दिसतंय."

एक्क्याण्णव साली त्यांनी मुंबईहून, प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका दुकानातून लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली आणली. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने स्टेजवरचे राजे शिंकायचे, त्यावर हा इलाज. थेंब कापसावर टाकायचे, कापूस पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवायचा. रेशमाला थेट लावायचं नाही, डाग पडतो. मग बाईंचा हात सुटला. इस्त्रीच्या पाण्यात दोन थेंब, फरशीच्या बादलीत चार, उशीला एक.

"आता आमटीत टाकायचं तेवढं राहिलंय," विनायकराव म्हणाले. पण झोप त्यांनाही छान लागत होती, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

त्या डिसेंबरात मुलींच्या शाळेच्या गॅदरिंगचं काम हातचं जायची वेळ आली. बारा वर्षं त्या स्टेजवर दुसऱ्या कुणाचा कपडा चढला नव्हता. बाईंचा सगळा मान त्या कामात होता. यंदा नाटक बसवणाऱ्या मितालीबाई मात्र स्पष्ट बोलल्या.

"मागच्या वर्षी मिशा ओढून काढताना मुली रडल्या. सईचा ओठ दोन दिवस सुजला होता. दादरला कानात अडकवायच्या मिशा मिळतात. मी सगळं तिकडूनच मागवते."

"कानात अडकवलेल्या मिशीचा राजा?" वसुंधराबाई हसल्या. "शुक्रवारी रंगीत तालीम आहे ना? बघाच तुम्ही."

आदल्या दिवशी त्यांनी राजाच्या मिशीला सढळ हाताने ते लॅव्हेंडरचं तेल चोळलं. वासाने तरी पोरगी खूश होईल! तालमीला राजा झालेल्या सईने वास घेतला, नाक फेंदारलं, आणि मिशी लावून घेतली. दुसऱ्या अंकात तिने तलवार उपसून "चला!" म्हटलं, तर सैन्याच्या आधी मिशीच निघाली. घसरून हनुवटीवर आली, तिथून प्रधानाच्या पगडीवर पडली. हॉलभर मुली पोट धरून हसल्या.

"मी दादरला फोन करते," मितालीबाई म्हणाल्या.

वसुंधराबाईंचं लक्ष सईच्या ओठाकडे होतं. ओठ जराही लाल नव्हता. एरवी एकदा धरलं की न सोडणारा, मिशी चिकटवायचा गम तेलाने सुटला होता. म्हणजे तेल लावायचं ते मिशी काढताना!

"ये सई, कोरडी मिशी लावू. काढताना तेल लावीन, कळणारही नाही."

"नको. दुखतं." सई दोन पावलं मागे सरली.

बाईंनी ट्रंकेतून नवी मिशी काढली, गम लावला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या ओठावर घट्ट दाबून बसवली. पुन्हा हशा पिकला. गम वाळेपर्यंत त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या. मग सईसमोर खाली बसल्या.

"ओढ."

सईने एक टोक धरून ओढलं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अर्धीसुद्धा निघाली नव्हती. बारा वर्षं "इतकं काय रडायचं त्यात!" असं म्हणत त्यांनी मुलींच्या मिशा ओढून काढल्या होत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"असंच दुखलं होतं का गं?"

"याच्यापेक्षा जास्त," सई म्हणाली.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या, आणि अर्ध्या मिशीनिशी म्हणाल्या तरी कुणी हसलं नाही.

त्यांनी रंग पुसायला ठेवलेल्या वाटीतल्या खोबरेलात लॅव्हेंडरचे दोन थेंब टाकले आणि कापूस सईच्या हातात दिला. सईने तो कडेकडेने फिरवला, जरा थांबली, पुन्हा फिरवला. राहिलेली मिशी अलगद तिच्या बोटांवर आली. तिने बाईंच्या ओठाकडे निरखून पाहिलं.

"कापूस माझ्याकडेच राहील," ती म्हणाली. "माझी मी काढणार."

"कबूल," बाई म्हणाल्या.

सईने डोळे मिटून ओठ पुढे केला. मितालीबाईंनी फोन केला नाही.